पाटीवाल्या सिस्टर

सिस्टर सभागृहात शिरल्या की आमचे साहेब माइकची वायर चाचपायला लागायचे. वायरला काही झालेलं नसायचं. पण तेवढीच दोन मिनिटं मिळायची, आणि त्या दोन मिनिटांत सिस्टर यंदा काय विचारतील याचा ते अंदाज बांधायचे. शेअर बाजाराचा अंदाज त्यांना सोपा जायचा. सिस्टरांचा कधी जमला नाही.

आमचं ऑफिस औरंगपुऱ्यात, भांड्यांच्या दुकानावर दुसऱ्या मजल्यावर होतं. शेअर, बाँड, म्युच्युअल फंड, लोकांना जे हवं ते घेऊन द्यायचं आणि दलालीवर जगायचं, हा धंदा. मी पिशोरहून बी.कॉम. करून शहरात आलेला. फॉर्म भरून घेणं, सह्या कुठं करायच्या तिथं पेन्सिलीनं फुल्या मारणं, चहा सांगणं ही माझी कामं. शिवाय दर जानेवारीत जालना रोडवरच्या एका हॉटेलात 'नव्या वर्षाचा गुंतवणूक वेध' नावाचा कार्यक्रम व्हायचा, त्याच्या खुर्च्या मोजणं. मुंबईहून टाय लावलेले एक पाहुणे यायचे. येत्या वर्षात शेअर कुठं जातील, बाँडचं काय होईल, सोनं घ्यावं की विकावं, हे दीड तास पडद्यावर रेघा दाखवून सांगायचे. मग जेवण. बहुतेक लोक जेवणासाठी यायचे आणि त्यात गैर काही नव्हतं, गुलाबजाम खरंच चांगले असायचे. सिस्टर मात्र भाषणासाठी यायच्या.

वय साठीच्या पुढं, ठेंगणा बांधा, कडक इस्त्रीची सुती साडी, आणि घड्याळाची तबकडी मनगटाच्या आतल्या बाजूला वळवलेली. सरकारी दवाखान्यात बत्तीस वर्षं नर्स होत्या. त्यांचं नाव आमच्या फॉर्मवर होतं, पण त्या नावानं त्यांना कुणी हाक मारल्याचं मला आठवत नाही. गल्लीपासून बँकेच्या मॅनेजरपर्यंत सगळ्यांच्या त्या सिस्टर. काखेत एक्स-रे ठेवायचं मोठं पिवळं पाकीट असायचं. त्यात एक्स-रे नसायचा.

मी पहिल्यांदा त्यांना पाहिलं त्या वर्षी पाहुण्यांचं भाषण झालं, टाळ्या झाल्या आणि साहेबांनी विचारलं, "कुणाला काही प्रश्न?" सिस्टर उठल्या. पाकिटातून एक गुळगुळीत छापील कागद काढला आणि पाहुण्यांकडं वळल्या.

"साहेब, हा मागच्या जानेवारीचा तुमचाच कागद. याच जागी उभं राहून तुम्ही म्हणला होतात, सोनं पडंल, बँकांचे शेअर चढतील आणि व्याजाचे दर उतरतील म्हणून आत्ताच बाँड घ्या. सोनं चढलं. बँका पडल्या. व्याज हाये तिथंच हाये."

पाहुणे हसले. "मॅडम, जगातली परिस्थिती अचानक बदलली."

"बदलणारच की. ती बदलणार नसती तर तुम्हाला कशाला बोलावलं असतं?"

सभागृहात खसखस पिकली. सिस्टर हसल्या नाहीत. त्या अगदी समजुतीच्या सुरात म्हणाल्या, "तुमच्यावर रागावले नाय मी. पण जुना केस पेपर बघितल्याशिवाय पेशंटला नवीन गोळी लिहायची नसती. आधी मागच्याचं सांगा, मग पुढचं सांगा."

पाहुण्यांनी मागच्याचं सांगितलं नाही. जेवणाच्या रांगेत ते ताट घेऊन उभे होते तेव्हा सिस्टर त्यांच्याजवळ गेल्या, त्यांचा मोकळा हात हातात घेतला, मनगटावर तीन बोटं टेकवली आणि आपल्या घड्याळाकडं बघत उभ्या राहिल्या. पाहुण्यांना वाटलं, आदर व्यक्त करण्याची इकडची काही पद्धत असेल. ते मान लववून उभे.

"एकशे आठ," सिस्टर म्हणाल्या. "साहेब, तुमचा तुमच्यावरच भरवसा नाय. जेवून घ्या."

दुसऱ्या वर्षी साहेबांनी मला दारात उभं केलं. हुकूम एकच, त्या बाईला आत सोडायचं नाही. सिस्टर आल्या.

"निमंत्रण असल्याशिवाय प्रवेश नाही यंदा," मी म्हणालो.

त्यांनी पाकिटातून मागच्या वर्षीची पत्रिका काढली. "यावर लिहिलंय, सहकुटुंब सहपरिवार यावे. लेक पुण्याला, मालक वारले. कुटुंब म्हणजे मीच. उशिरा आले म्हण."

"खुर्च्या संपल्यात, सिस्टर."

"बत्तीस वर्षं उभ्यानंच काढली मी."

मला तिसरं खोटं सुचेना. म्हणालो, "खरं सांगू? साहेबांनी तुम्हाला सोडू नको म्हणून सांगितलंय."

त्या माझ्याकडं बघत राहिल्या आणि त्यांचा चेहरा एकदम खुलला. "आता खरं बोललास. सोमवारी येते तुझ्याकडं. खातं उघड माझं." आणि त्या शांतपणे आत गेल्या. मी काय करणार होतो?

खातं उघडायला आल्या तेव्हा साहेबांनी सगळा राग गिळून त्यांना स्वतःच्या केबिनमध्ये बसवलं आणि पाऊण तास समजावलं. बाहेर येऊन सिस्टर मला म्हणाल्या, "त्यांनी सांगितलेलं ते ईटीएफ काय असतं, ते माणसाच्या बोलीत सांग."

मी सांगितलं, "देशातल्या पन्नास मोठ्या कंपन्यांचे थोडे थोडे शेअर एकत्र बांधलेले असतात. त्या गठ्ठ्याचा एक तुकडा आपण बाजारात शेअरसारखाच विकत घ्यायचा. पन्नास कंपन्यांचं जे होईल ते आपलं होईल."

"म्हणजे शहागंजच्या मंडईतली मिसळीची पाटी. दोन वांगी किडकी निघाली तरी घरचं जेवण होतं."

"तसंच काहीसं."

"मग मला दर महिन्याला एक पाटी देत जा."

तेव्हापासून ऑफिसात त्यांचं नाव पाटीवाल्या सिस्टर पडलं. पेन्शन जमा झाल्यावरचा पहिला मंगळवार, सकाळी साडेअकरा. जिना चढून यायच्या, पंख्याखालची खुर्ची घ्यायच्या, पदरानं कपाळ टिपायच्या आणि विचारायच्या, "काय म्हणतोय तुमचा आउटलूक?"

मी म्हणायचो, "चांगला आहे, सिस्टर."

"बरं. एक पाटी दे."

कधी म्हणायचो, "वाईट आहे. सगळीकडं मंदी यायची म्हणतात."

"अरे अरे. एक पाटी दे."

साहेबांनी त्यांना नवनवीन शेअर सुचवून पाहिले. औषधाची कंपनी, सिमेंटची कंपनी. "एकटा शेअर म्हणजे बुलेटवर बसलेलं तरणं पोरगं," त्या म्हणायच्या. "कुठं जाईल सांगता येत नाय, आणि आणून टाकतात आमच्याच वॉर्डात." रिटायर होताना मिळालेला मोठा पैसा त्यांनी सरकारी बाँडमध्ये ठेवला होता. त्या बाँडचं कौतुकानं सांगायच्या, "तो कोपऱ्यातल्या खाटेवरचा म्हातारा पेशंट हाये. बोलत नाय, घंटी वाजवत नाय. सहा महिन्यांनी उठतो, व्याज देतो आणि परत आडवा होतो."

ती दुष्काळाची वर्षं होती. धरणात गाळ आणि गाळावर थोडंसं पाणी. आमच्याकडं नळ आठवड्यातून एकदा यायचा, तोही आला तर. आणि त्याच वर्षांत शहर असं सुटलं होतं की विचारू नका. बीड बायपासला दर महिन्याला एक नवी इमारत उभी राही आणि तिच्या जाहिरातीत निळाशार पोहण्याचा तलाव असे. बसच्या खिडकीतून तो तलाव बघत लोक रिकामे जार घेऊन घरी जात. पैसा कुठून कुठं चालला होता कुणालाच नीट कळत नव्हतं, पण तो चालला होता आणि त्यातला थोडा आमच्या जिन्यानं वर येत होता.

म्हणून बाजार पडला त्या दिवशी जिन्यात पाय ठेवायला जागा नव्हती.

तो सोमवार होता. सकाळी बाजार उघडला आणि विहिरीत बादली सुटावी तसा खाली गेला. अकरापर्यंत ऑफिसात तीस-चाळीस माणसं. कुणी विका म्हणून ओरडतंय, कुणी घरी फोन करून बायकोशी खोटं बोलतंय. खुलताबादचे एक रिटायर मास्तर होते, उर्दू शाळेतले, फार सज्जन माणूस. ते माझा टेबल धरून उभे, आणि टेबल हलत होता.

सिस्टर त्या दिवशी नुसत्या पासबुक भरायला शेजारच्या बँकेत आल्या होत्या. गोंगाट ऐकून वर आल्या. दारातून एकदा सगळीकडं नजर फिरवली. पुढं जे झालं ते बघायला त्यांच्या वॉर्डातल्या जुन्या आया पाहिजे होत्या.

"खाली बसा सगळे!" आवाज मोठा नव्हता, पण चाळीस माणसं बसली. खुर्च्या नव्हत्या ती जमिनीवर बसली. "बाळा, पाण्याचा जार उघड. एकेक पेला."

"सिस्टर, जार उद्यापर्यंत पुरवायचाय," मी म्हणालो.

"उघड."

मग त्या मास्तरांकडं वळल्या. मास्तर रडकुंडीला आलेले. "आपा, मैं तो लुट गया. सब बेच डालो बोलरा हूँ, ये लोगां सुनतेच नै."

"बेचेंगे मास्टरसाब. पहले हाथ इधर." तीन बोटं, घड्याळ. "एक सौ चौदा. बैठो."

अशी त्यांनी एकामागून एक नाडी बघितली आणि निकाल दिला. "नव्वदच्या वर ज्याची नाडी, त्यानं आज काही विकायचं नाय अन् काही घ्यायचं नाय. पाणी प्यायचं आणि घरी जायचं. उद्या नाडी उतरली की या आणि खुशाल विका."

साहेब केबिनमधून धावत आले. "सिस्टर, हे ऑफिस आहे! वॉर्ड नाही!"

सिस्टरांनी त्यांचाही हात धरला. "एकशे अठरा," त्या म्हणाल्या. "तुम्ही पण बसा."

साहेब बसले. खरोखर बसले, मास्तरांच्या शेजारी जमिनीवर.

दुपारपर्यंत ऑफिस रिकामं झालं. मी म्हणालो, "सिस्टर, एवढं स्वस्त मिळतंय, तुमची पाटी घेऊन टाकू का?"

"आज सोमवार हाये. माझा मंगळवार असतो."

दुसऱ्या दिवशी बाजार थोडा वर आला होता. त्यांनी थोडी महाग पाटी घेतली आणि त्याचं त्यांना काहीच वाटलं नाही. मास्तरांनी पुढं कधी विकलं ते मला ठाऊक नाही, पण त्या हिवाळ्यात त्यांनी खुलताबादहून सिस्टरांसाठी पेरूंची करंडी आणली, एवढं खरं.

आता वाटेल की बाई म्हणजे शहाणपणाचा पुतळा. तसं नव्हतं. सिस्टरांच्या खात्यात एक शेअर होता ज्याच्याबद्दल प्रश्न विचारायचा नसे. त्यांचे मालक चिकलठाण्याच्या एका कारखान्यात फिटर होते. कंपनीनं कधीकाळी कामगारांना थोडे शेअर दिले होते. मालक गेल्यावर सिस्टर दर वर्षी त्यांच्या पुण्यतिथीला आणखी दहा घ्यायच्या. कंपनी वर्षागणिक खंगत होती, शेअरची किंमत चहा-खारीवर आली होती, आणि जगाला केस पेपर मागणारी ही बाई मुकाट्यानं दहा शेअर घेत होती.

एकदा मला वात्रटपणा सुचला. पुण्यतिथीचा फॉर्म भरताना म्हणालो, "सिस्टर, या पेशंटचा केस पेपर कुठंय?"

त्या उठल्या आणि निघून गेल्या. पुढच्या महिन्यात मंगळवार आला, सिस्टर आल्या नाहीत. त्याच्या पुढच्या महिन्यातही नाही. आपण काय बोलून बसलो म्हणून मी स्वतःला शिव्या घातल्या. तिसऱ्या महिन्यात साडेअकराला त्या जिना चढून आल्या आणि माझ्या टेबलावर कंपनीच्या सात-आठ वर्षांच्या अहवालांचा गठ्ठा ठेवला.

"घरच्या पेशंटला सिस्टर स्वतः तपासत नाय," त्या म्हणाल्या. "हात थरथरतो. दुसरीला बोलावते. तू तपास. आणि मला बरं वाटावं म्हणून काही सांगू नको."

मी आठवडाभर ते अहवाल वाचले. त्याआधी तीन वर्षं मी लोकांना शेअर विकत होतो, पण एखाद्या कंपनीचा अहवाल पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचायची ती माझी पहिली वेळ, हे कबूल करायला हवं. रविवारी चिकलठाण्याला जाऊन कारखान्याच्या गेटवर वॉचमनशी गप्पा मारून आलो. तीन पाळ्यांतली एकच चालू होती. कर्ज वाढत होतं, कामं कमी होत होती.

मंगळवारी सांगितलं, "सिस्टर, मला यात जीव दिसत नाही. विका."

"डबा खायला त्यांचं एक चिंचेचं झाड होतं. हाये का?"

"झाड आहे. खाली कुणी नव्हतं."

त्यांनी सही केली. त्या पैशांत पेन्शनची भर घालून त्यांनी आपल्या गल्लीच्या तोंडाशी पाण्याची एक मोठी टाकी बसवली, म्हणजे टँकर आला की पाणी वाया न जाता साठेल. विषय संपला असं मला वाटलं.

सात-आठ महिन्यांनी बातमी आली. कंपनी कारखाना बंद करून ती जमीन घरांसाठी विकणार होती. शहर चिकलठाण्याच्या पुढं गेलं होतं आणि त्या जमिनीला सोन्याचा भाव आला होता. शेअर रोज वर जात राहिला. बघता बघता सहापट झाला. मी आयुष्यात दिलेला पहिला प्रामाणिक सल्ला, आणि त्याची ही गत.

मंगळवारची वाट बघायचा धीर झाला नाही. मी त्यांच्या घरी गेलो. लेण्यांच्या वाटेवरच्या वस्तीत त्यांचं दोन खोल्यांचं घर. टाकीपाशी हंड्यांची रांग होती आणि सिस्टर रांग लावत होत्या. येणारी-जाणारी माणसं "जय भीम, सिस्टर" म्हणून पुढं सरकत होती. मी त्यांना बाजूला घेऊन सगळं सांगितलं.

सिस्टर हसायला लागल्या. इतक्या हसल्या की त्यांना टाकीच्या ओट्यावर बसावं लागलं. डोळे पुसत म्हणाल्या, "आमचे हे असते तर म्हणले असते, बघ, बावीस वर्षं मी मशीन चालवलं त्याची किंमत नव्हती, मशीनखालच्या मातीची होती!"

"सिस्टर, माझी चूक झाली."

"तुला दिलेल्या कागदांत जमिनीचं लिहिलेलं होतं का?"

"नव्हतं. म्हणजे होतं, एका ओळीत. जुन्या किमतीनं."

"मग? डॉक्टरांनी आशा सोडलेले किती पेशंट आमच्याकडं सकाळी उठून चहा मागायचे. तेव्हा आम्ही डॉक्टरांना मारायला धावायचो व्हय? तू जे दिसलं ते सांगितलं. पुढं काय उगवंल ते तुझ्या बापाला तरी माहीत होतं का?" मग रांगेतल्या एका बाईवर खेकसल्या, "ए, तो दुसरा हंडा मागं घे!" आणि मला म्हणाल्या, "चहा पिऊन जा."

त्याच ओट्यावर त्यांनी मला गंगूबाईच्या गावाचं सांगितलं. गंगूबाई त्यांच्या वॉर्डात आया होती, आता शेंद्र्याच्या पलीकडं आपल्या गावी राहत होती. मेंढपाळांची वस्ती. औद्योगिक वसाहतीसाठी त्यांच्या जमिनी गेल्या होत्या आणि मोबदल्याचे पैसे नुकतेच आले होते. "लोक गाड्या घ्यायलेत, दारात रोज एक नवा एजंट. तू येऊन त्यांना नीट समजावून सांग. मी पण येते."

मी ऑफिसात हे बोललो ही माझी चूक. साहेबांचे डोळे चमकले. त्यांच्याकडं तेव्हा एका बिल्डरचे बाँड होते. सरकारी बाँडच्या जवळपास दुप्पट व्याज, आणि आम्हाला दलालीही तशीच घसघशीत. "हेच विकायचे," साहेब म्हणाले. "गाव आपलं झालं की सिडकोत नवी शाखा काढतोय. मॅनेजर तू." तेव्हा माझं लग्न ठरत होतं. मॅनेजर हा शब्द ऐकून मुलीचे वडील तारीख काढायला तयार झाले होते. साहेबांनी मला भाषण लिहून दिलं, कापडी बॅनर दिलं. त्यावर मोठ्या अक्षरांत होतं, 'उज्ज्वल भविष्याचा वेध'.

रविवारी दुपारी गावच्या देवळापुढं बॅनर लिंबाला बांधलं. साठ-सत्तर माणसं जमली. पलीकडं वाड्यात मेंढरं कोंडलेली, त्यांचा आवाज चालूच. सिस्टर बायकांत मागं बसल्या होत्या, गंगूबाईशेजारी, शेंगा खात.

मी भाषण म्हटलं. पाठच होतं. बाजार कसा, व्याज कसं, शहर कसं वाढतंय, बिल्डर कसा मोठा. म्हणताना माझी नजर सारखी सिस्टरांकडं जात होती. आता उठतील, आता पाकीट उघडतील. त्या शेंगा सोलत होत्या.

उठले ते गंगूबाईचे थोरले भाऊ. सगळे त्यांना आबा म्हणत. खांद्यावर घोंगडी, हातात काठी.

"दादा, बाँड म्हंजी आमी त्या मानसाला उसने द्यायचे, आसंच ना?"

"तसंच, आबा."

"मेंढरं इकताना बी आमी घेनाऱ्याचं तोंड बगतो, गाव इचारतो. ह्यो मानूस तुमी बगितलाय का?"

"नाही."

"त्यानं बांदलेलं घर?"

"फोटो बघितलेत."

लोक हसले. आबा हसले नाहीत. "मंग त्यो पैशे देईल, ह्ये तुमाला कसं म्हाईत?"

मी पुन्हा सिस्टरांकडं पाहिलं. त्यांनी वर पाहिलंच नाही. बॅनर वाऱ्यानं फडफडत होतं. मला मुलीचे वडील आठवले, साहेब आठवले, सिडकोतली काचेची केबिन आठवली.

"मला माहीत नाही," मी म्हणालो.

एकदा ते बोललो आणि बाकीचं आपोआप आलं. कागद खिशात घातला. वर्ष-दोन वर्षांच्या चाऱ्यापाण्याचा पैसा बँकेत हाताशी ठेवा, म्हणालो. मोठा भाग सरकारी बाँडमध्ये टाका, व्याज कमी आहे पण घेणारा पळून जाणार नाही. आणि जेवढा पैसा दहा वर्षं विसरता येईल तेवढाच पन्नास कंपन्यांच्या पाटीत टाका. तो मधे निम्मा झालेला दिसेल, तेव्हा घाबरायचं नाही.

"धा सालानं किती व्हईल?"

"माहीत नाही, आबा."

"आन् पाऊस?"

"तेही माहीत नाही."

आबा गावाकडं वळले. "ह्यो पोरगा बरा हाय. याला कायच म्हाईत नाय."

या सगळ्याचं पुढं काय झालं ते सांगून टाकतो. आबांनी मेंढरं घेतली आणि उरलेले सरकारी बाँडमध्ये ठेवले. गंगूबाई पाटी घ्यायला लागली. काहींनी गाड्याच घेतल्या. सिडकोच्या शाखेत मॅनेजर दुसरा झाला आणि महिन्याभरात मी नोकरी सोडली, म्हणजे साहेबांनी ती सोडवली. एका झेरॉक्सच्या दुकानात टेबल टाकून मी स्वतःचं काम सुरू केलं. मुलीच्या वडिलांनी तारीख मागं घेतली, पण मुलीनं घेतली नाही, त्यामुळं लग्न झालं. आणि तो बिल्डर? त्यानं सगळ्यांचे पैसे वेळेवर, व्याजासकट परत केले. शेजारच्या गावकऱ्यांनी ते बाँड घेतले होते, ते आबांच्या गावाला कित्येक दिवस चिडवत होते. मी हे सिस्टरांना फोनवर सांगितलं. त्या तेव्हा पुण्याला लेकीकडं राहायला गेल्या होत्या. म्हणाल्या, "चांगलं झालं, लोकांचं वाचलं. पण तुला माहीत नव्हतं ना? मग झालं." आणि, "मंगळवार हाये, पाटी घे."

त्या दिवसातलं मला खरं आठवतं ते परत येतानाचं. निघताना आबांनी एक कोकरू माझ्या हातात दिलं. मी नको नको म्हणालो, पण "पावन्यानं रिकामं जायचं नसतं" म्हणून त्यांनी ते स्कूटरवर मागं बसलेल्या सिस्टरांच्या मांडीवर ठेवलं. वाऱ्याला कुडकुडेल म्हणून सिस्टरांनी ते साहेबांच्या बॅनरमध्ये गुंडाळलं. चिकलठाण्यापर्यंत येता येता कोकरानं 'उज्ज्वल'वर मुतून ठेवलं.

जालना रोडला सिग्नल लागला. चारी बाजूंनी गाड्या, वर पुलाचं बांधकाम, धूळ. लोक आमच्याकडं बघत होते.

मी मागं न वळता विचारलं, "सिस्टर, आज तुम्ही एकही प्रश्न विचारला नाही."

"तुला आबांचा ऐकू आला ना? मग दोनदा कशाला?"

"उद्या नोकरी जाईल माझी."

"जाईल," त्या म्हणाल्या. मग कोकराच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या असाव्यात, कारण ते ओरडायचं थांबलं. "पेशंट हात धरून विचारायचे रे. सिस्टर, मी बरा होईन ना? मला कुठं माहीत असायचं? डॉक्टरांना तरी कुठं माहीत असायचं? मी म्हणायचे, ते नाय सांगता येत मला. पण माझी ड्युटी आठपर्यंत हाये. आठपर्यंत मी या खाटेपासून हलत नाय."

"मग?"

"मग काय. पेशंट झोपायचे."

सिग्नल सुटला होता, माझ्या लक्षात आलं नव्हतं. मागून रिक्षावाल्यानं हॉर्नवर हात दाबून धरला. "अरे भाई, बकरी लेके आगे तो निकलो!"

सिस्टर मागं वळल्या. "मेंढी हाये ती," त्याला म्हणाल्या, आणि मी गाडी पुढं काढली.